पाऊस साठवणारा घाट

जुलै महिन्यात नाणेघाटाच्या माथ्यावर पाणी वरच्या दिशेने जातं. पठारावरचे ओहोळ कड्याच्या काठाशी पोचतात, खाली कोकणात झेपावायला निघतात आणि कडा चढून येणारा वारा त्यांना काठावरच अडवून उलटे पठारावर फेकतो. काठापासून बरंच मागे उभं राहिलं तरी ते पाणी तोंडावर येऊन आपटतं. ते आभाळातून आलंय की ओढ्यातून, हे सांगता येत नाही. ‘उलटा धबधबा’ म्हणून ही जागा आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली आहे. पावसाळी रविवारी जुन्नरच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांची रांग घाटघरच्या अलीकडेच लागते. माणसं उतरतात, काठाशी जातात, भिजतात, फोटो काढतात, गरम भजी नि मक्याचं कणीस खातात आणि परत फिरतात. भिजायचा आनंद खराच आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण दोन हजार वर्षांचा घाट त्यांच्या पायाखाली काही हातांवर सुरू होतो आणि तो न बघताच बहुतेकजण घरी जातात.

तो बघायचा तर कोकणातून वर चढावं लागतं. माल त्याच बाजूने यायचा.

कल्याणहून पहाटे सुटणारी एस.टी. मुरबाड, टोकावडे मागे टाकत माळशेजच्या रस्त्याला लागते. साठेक किलोमीटरवर वैशाखरे गाव येतं आणि त्याच्या थोडं पुढे, रस्त्यालगतच, नाणेघाटाची वाट फुटते. आम्ही उतरलो तेव्हा उजाडलं होतं, पण डोंगर दिसत नव्हते. शेतांच्या पलीकडे ढगांखेरीज काही नव्हतं. शनिवार-रविवारचा बेत होता: शनिवारी घाट चढायचा, रात्री माथ्यावरच्या एखाद्या वाडीत मुक्काम करायचा आणि रविवारी पूर्वेकडे जुन्नरपर्यंत जायचं, म्हणजे मालाचा जो रस्ता होता त्याच रस्त्याने. बरोबर जुनी मित्रमंडळी. एकजण भूगोल शिकवतो. एक मैत्रीण बँकेत आहे आणि नोकरी सांभाळून ब्राह्मी लिपी शिकली आहे. एकाचं ठाण्यात दुकान आहे. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हाताशी घेऊन ज्या पिढीने सह्याद्रीच्या आडवाटा धुंडाळल्या, त्या पिढीचा हा दुकानदार. त्याची कॉलेजात शिकणारी मुलगीही या वेळी आली होती.

गडांवर गर्दी होते, घाटवाटांवर होत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. गडाला राजा असतो, वेढा असतो, पराक्रमाची गोष्ट असते. घाटवाटेवर पाठीवर ओझं घेऊन चाललेली माणसं नि बैल असतात, आणि त्यांची बखर कुणी लिहिलेली नाही. कुसूर, आहुपे, दऱ्या, सावळ, मढे, शेवत्या अशा किती वाटा या कड्यात आहेत! खालून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, वरून धान्य नि तूप खाली यायचं, लेकी दिल्या-घेतल्या जायच्या. इंग्रजांनी बोरघाटात गाडीरस्ता केला, मग १८६०च्या दशकात बोरघाट आणि थळघाटातून आगगाडी वर चढली आणि बाकीच्या वाटांवरचं ओझं हळूहळू उतरलं. नाणेघाट त्या सगळ्यांत थोरला. बाकीच्या वाटांनी मागे काही लिहून ठेवलेलं नाही, याने मात्र भिंतीच्या भिंती भरून लिहून ठेवलं आहे.

सुरुवातीची वाट भातखाचरांमधून जाते. आवणी चालू होती. एका खाचरात बायका ओळीने वाकल्या होत्या. पाठीवर इरलं क्वचितच दिसलं, बाकी प्लॅस्टिकचे कागद डोक्यावरून सोडलेले. आमचा रंगीत घोळका बांधावरून जाताना त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. शेतं संपली की झाडी सुरू होते नि झाडीबरोबर ओढे. पावसाळ्यातल्या या चालीत खरी धास्ती चढाची नसते, ओढ्यांची असते. दुकानदार मित्राचा नियम साधा आहे: पाण्याचा रंग बदलला, त्यात पालापाचोळा नि काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज जड झाला, की पाणी गुडघ्याएवढं असलं तरी थांबायचं. वर कुठेतरी मोठी सर कोसळून गेलेली असते आणि तिचं पाणी अजून पोचायचं असतं. एका ओढ्याशी आम्ही असेच बराच वेळ बसून राहिलो. गढूळ लोंढा आला, खडकावरून उसळत गेला, उतरला. मग एकमेकांचे हात धरून ओलांडलो. मुलीने वडिलांना विचारलं, ‘‘बाबा, बैल कसे ओलांडत असतील हे?’’ त्याने उत्तर दिलं नाही. त्या दिवसातला हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा यापेक्षा अवघड होता.

झाडी विरळ झाली तसा कातळ पुढे आला. वाटेला आता फरसबंदी आहे, दगडी पायऱ्या आहेत. काही उखडलेल्या, काही पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या. त्यांच्यावरूनच ओहोळ वाहत असल्याने आम्ही चढण चढत होतो की धबधबा, असा प्रश्न पडावा. पायऱ्यांची रुंदी मात्र लक्षात येते. एकट्यादुकट्या वाटसरूसाठी कुणी एवढं काम करत नाही. लादलेली जनावरं समोरासमोर आली तर एकमेकांना वाट देऊ शकतील, एवढी ती वाट आहे. ढग क्षणभर फाटले तेव्हा डाव्या हाताला, अगदी डोक्यावर, नानाचा अंगठा नावाचा कडा दिसला. सगळा सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर चढून झालेला, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोकणाच्या बाजूला तो सरळ तुटला आहे. चढून यायला फट सापडेल तिथेच माणसाने घाट केला. नाणेघाट अशाच एका फटीत, अंगठ्याच्या कुशीत आहे.

घाटातल्या लेण्याच्या अलीकडे-पलीकडे कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तोंड चौकोनी, आत खोली. आमच्या समोर ती काठोकाठ भरून वाहत होती. वरून पाऊस, बाजूने ओहोळ, पायाखाली पाणी. मुलगी टाक्याच्या काठाशी उभी राहिली आणि तिने दुसरा प्रश्न विचारला. ‘‘इतकं पाणी असताना टाकी कशाला खोदली असतील?’’

या प्रश्नाने आमची सगळी सहल बदलली.

उत्तर आधी लेण्यात शोधलं. घाटाच्या तोंडाशी, माथ्याच्या जरा खाली, एक प्रशस्त चौकोनी लेणं आहे. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहनांच्या नागनिका राणीचा प्रदीर्घ लेख कोरलेला आहे. अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातला मानतात. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांचा अभ्यास १८७७ साली प्रसिद्ध केला आणि १८८३ साली ब्यूलर यांनी लेखाचं वाचन छापलं. आपण आज लिहितो त्या अंकांचे पूर्वज इथे दगडात आहेत. मैत्रिणीने विजेरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर धरला. असा तिरपा उजेड पडला की झिजलेली अक्षरं सावलीतून वर येतात. सुरुवातीला देवांना वंदन आहे: इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, मग चार लोकपाल, त्यांत वरुणही. त्यानंतर यज्ञ आणि त्यांतली दाने. अश्वमेध, राजसूय, १०,००१ गाई, ११,००० गाई नि १,००० घोडे, २४,४०० कार्षापण. मागच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरली आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. मूर्तींची खाली फक्त पावलं आहेत.

त्या भिंतीसमोर उभं राहिलं की आकड्यांनी मन दबतं आणि बहुतेक वाचक तिथेच थांबतात. राणीने आपलं वैभव हमरस्त्यावर लिहवून घेतलं, कारण येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी तिथे थांबणार हे तिला माहीत होतं. पण मला त्या राजलेखापेक्षाही घाटातला एक छोटा लेख जास्त मोलाचा वाटतो. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने इथे एक पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिलं एवढंच त्यात आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. समुद्रकाठचा माणूस इतक्या दूर, कड्याच्या माथ्याशी, स्वतःच्या पैशाने कातळ फोडून पाण्याची सोय करतो. पावसात कुणालाही पाण्याचं दान लागत नाही. गोविंददासाला तहान माहीत होती, म्हणजे तो उन्हात चढला होता.

लेण्यात डबे उघडले, पोळी-चटणी खाल्ली, आणि भूगोलवाल्या मित्राने धागा पुढे नेला. बाहेर घोंघावत होता तो वारा काही इथला नाही, तो म्हणाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून तो येतो, नैऋत्येकडून, आणि वाटेत त्याला एवढी उंच आडवी भिंत प्रथम भेटते ती सह्याद्रीची. अडला की तो वर चढतो, थंड होतो आणि त्यातलं बाष्प पाऊस होऊन पडतं. जिथे कडा सरळ आणि फट अरुंद, तिथे वर चढणाऱ्या वाऱ्याचा जोर इतका होतो की पाण्याची पातळ धार त्याला अडवू शकत नाही. उलटा धबधबा तो हाच.

आणि याच वाऱ्याने जहाजं आणली. इजिप्तमधून निघणारी ग्रीक-रोमन गलबतं जुलैच्या सुमारास तांबड्या समुद्रातून बाहेर पडत, या वाऱ्याला शिडं देत आणि भर पावसाळ्यातला खवळलेला किनारा टाळून वारा मवाळ होण्याच्या बेताला इकडे पोचत. मायोस होर्मोस या बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानाकडे जातात, असं भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशांच्या मार्गदर्शिकेत सोपारा आहे, कल्याण आहे, आतल्या मुलुखातलं पैठण नि तेर आहे. मद्य, तांबं, कथिल, शिसं, पोवळं, काच उतरायची. इकडून सुती कापड, मौल्यवान दगड, मिरी जायची. परतीची जहाजं थंडीतल्या उलट्या वाऱ्यावर निघायची. मधल्या कोरड्या महिन्यांत माल घाट चढायचा नि उतरायचा.

म्हणजे घाटाचं वर्ष दोन तुकड्यांचं होतं. वारा वाहत असताना घाट बंद. तांडे थांबलेले, बैल गोठ्यात, जहाजं समुद्रात. वारा पडला, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं, की घाट चालू. आणि तो चालू असण्याच्या दिवसांत, पौष ते वैशाख, या काळ्या कातळावर थेंबभर पाणी नसतं. बेसॉल्ट पाणी धरून ठेवत नाही, त्यावरची माती वीतभर, जेवढं पडतं तेवढं वाहून जातं. म्हणून टाकी. चार महिन्यांचा पाऊस पकडायचा, कातळाच्या सावलीत झाकून ठेवायचा आणि आठ महिने वाटसरूंना पाजायचा. आम्ही ज्याला पावसाळी घाट म्हणून बघायला आलो होतो तो मुळात उन्हाळ्यासाठी बांधलेला घाट आहे. पावसाळा हा त्याचा भरून घ्यायचा काळ.

मुलीने पुन्हा बाहेर जाऊन टाक्यात पाहिलं. आम्हीही गेलो. जी गोष्ट तासाभरापूर्वी पायाखालचा एक भरलेला खड्डा होती, ती आता त्या सबंध व्यवस्थेचा कणा म्हणून दिसत होती.

लेण्यापासून पुढे खिंड आवळत जाते. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधून पायऱ्या, आणि वारा पाठीमागून असा की चढायला वेगळे कष्ट नाहीत. माथ्यावर तोंडाशीच तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, जकातीची नाणी टाकायचा म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी तोही पाण्याने भरला होता. पलीकडे पठार, गाड्या, माणसं, छत्र्या उलट्या झालेल्या. कड्याच्या काठाशी तरुण मुलं पोटावर पालथी पडून खाली डोकावत होती. हे मात्र पाहवत नाही. वारा वर फेकतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण वारा एका क्षणात पडतो आणि काठावरचं गवत ओलं असतं. २०२४च्या ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीहुकूम दर पावसाळ्यात निघतात. हुकूम हवेतच, पण मला वाटतं, गावातल्या चार तरुणांना अधिकार नि मानधन देऊन काठावर उभं केलं आणि गाड्या घाटघरलाच थांबवल्या तर त्याचा उपयोग कागदापेक्षा जास्त होईल. कोणता दगड सुटा आहे हे त्यांना ठाऊक असतं.

मुक्काम घाटघरच्या पुढच्या एका वाडीत होता, महादेव कोळी कुटुंबाकडे. जीवधन किल्ल्याचा कडा आणि त्याला बिलगलेला वानरलिंगी सुळका त्या घराच्या समोर असायला हवेत, पण त्या संध्याकाळी अंगणापलीकडचं काही दिसलं नाही. घरात चूल पेटलेली, धूर कौलांतून वाट काढत होता, वरच्या दांडीवर आमचे ओले कपडे आणि त्यांची घोंगडी शेजारी शेजारी. घरातल्या मावशींनी तांदळाची भाकरी, कुर्डूची भाजी आणि पातळ वरण वाढलं. वय सत्तरीचं, आवाज खणखणीत.

मी विचारलं, ‘‘मावशी, तुम्ही नाणेघाट उतरलाय का?’’

‘‘आमचा बाप दरसालाला उतरायचा. म्हशाच्या जत्रंला. मी बी गेलीय पोरपणी.’’

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नाव असलेली. वरची माणसं या घाटाने उतरून जत्रेला जायची, बैल घ्यायची, घोंगडी घ्यायची, मीठ-मासळी घ्यायची आणि परत चढायची. पौष! म्हणजे गोविंददासाच्याच दिवसांत. मी त्यांना विचारलं की पावसाळ्यात कधी उतरायचे का. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

‘‘पावसाळ्यात कोन उतरतंय? आवणी सोडून जायचं कुठं? आन् घाटात पानी असतंय. पावसाळ्यात घाटाला जाऊ नाय, त्याचं त्याला भरू द्यावं.’’

त्याचं त्याला भरू द्यावं. आम्ही पेरिप्लस नि स्ट्रॅबो घेऊन दुपारभर जिथवर पोचलो होतो, तिथे मावशी आधीपासून बसलेल्या होत्या.

मग त्या पाण्याविषयीच बोलत राहिल्या, कारण त्यांच्या घराचा खरा विषय तोच आहे. होळी झाली की विहीर खाली जाते. चैत्रात झऱ्याशी बसून वाटी-वाटीने हंडा भरायचा, रात्री उठून नंबर लावायचा. त्याच दिवसांत हिरडा असतो. बाळहिरडा गोळा करणं, वाळवणं, विकणं हे या पट्ट्याचं रोख उत्पन्न. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात हिरड्याची झाडं मुळापासून उन्मळली, आणि ते झाड वर्षा-दोन वर्षांत परत येणारं नाही. एवढ्या पावसाच्या मुलुखात पाणी नि पैसा दोन्ही उन्हाळ्यातच अडतात. मावशींचा मुलगा म्हणाला, ‘‘दादा, पाऊस बघायला सगळी येत्यात. मे महिन्यात कोन येत नाय.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

रात्री पावसाचा जोर वाढला. मुलाने एकदा उठून, दार उघडून, मागच्या डोंगराच्या अंगाला कान दिला आणि परत येऊन पडला. सकाळी विचारलं तेव्हा म्हणाला, माळीणनंतर सगळेच असं करतात. माळीण इथून दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात. २०१४च्या ३० जुलैला सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. पावसाळी भटकंतीच्या वर्णनांत आपण ‘मुसळधार’ हा शब्द आनंदाने लिहितो. या घरांत त्या शब्दाबरोबर माणूस उठून बसतो. मला वाटतं, इथे एक रात्र काढल्याशिवाय पावसाळी सह्याद्रीवर लिहू नये.

रविवारी सकाळी पूर्वेकडे निघालो. ही चाल कुणी सुचवत नाही, कारण तिच्यात थरार नाही. मला ती चढाईपेक्षा जास्त शिकवून गेली. घाटघर सोडलं तेव्हा पाऊस आडवा होता. खाचरांचे टप्पे, बांधांवर तेरडा, ओहोळ सगळे आता आमच्याच दिशेने वाहणारे. हे कुकडीचं पाणी. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब काळू-उल्हासच्या खोऱ्यातून कल्याणच्या खाडीला मिळतो, पूर्वेला पडलेला कुकडीतून घोडात, घोडातून भीमेत, भीमेतून कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागरात. उलटा धबधबा दर पावसाळ्यात त्यातले काही थेंब एका समुद्राकडून दुसऱ्याकडे वळवत असेल.

चावंड किल्ल्याच्या पायथ्याजवळ पूर गावात कुकडेश्वराचं मंदिर आहे. नद्यांच्या उगमांवर शिलाहार राजा झंझ याने बांधलेल्या बारा शिवालयांपैकी हे एक मानतात. दगड न् दगड कोरलेला. गाभाऱ्यात थंड अंधार आणि बाहेर नदी अजून ओढ्याएवढी. इथे पाऊस रिमझिमीवर आला होता. पुढे माणिकडोहचा जलाशय पसरतो आणि तिथे पायी चालणं सोडून आम्ही जुन्नरकडे जाणारी जीप धरली. कुकडी प्रकल्पाचं पाणी या धरणांतून जुन्नर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. नारायणगावचा टोमॅटो, द्राक्षं, ऊस त्यावर उभे आहेत. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या पठारावर हे पाणी पडतं तिथल्या वाडीत चैत्रात वाटीने हंडा भरतात. उताराने पाणी खाली येतं, वर चढवायला पैसा लागतो आणि तो पैसा वाडीसाठी कुणी काढलेला नाही. सोपाऱ्याच्या एका माणसाला कातळावरची तहान दिसली. आपल्याला इतक्या योजनांतून ती पुरती दिसू नये, हे मला फार लागतं.

जुन्नरला पोचलो तेव्हा ऊन होतं. तीसेक किलोमीटरमध्ये भात संपून बाजरी लागली होती. घाटमाथ्यावर जेवढं पडतं त्याच्या निम्मंही इथे पडत नाही. घाट चढून आलेल्या तांड्याला इथे कोरडी जमीन, बाजारपेठ नि विसावा मिळे, आणि म्हणूनच या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. तिथल्या देणग्यांचे लेख मैत्रिणीने वहीत उतरवून आणले होते. बसला अवकाश होता, तिने ते स्थानकावरच वाचून दाखवले. इरिल नावाच्या एका यवनाने दोन टाकी दिली. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने सेहेचाळिसाव्या वर्षी एक टाकं आणि एक मंडप दिला. नहपान म्हणजे सातवाहनांचा वैरी. त्या संघर्षाच्याच काळात कल्याण बंदराकडे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला वळवली जात, असं पेरिप्लस सांगतो. सोपाऱ्याचा गोविंददास, समुद्रापलीकडचा यवन, शत्रूराज्याचा मंत्री. तिघेही वेगळे. तिघांनी दिलं ते पाणीच.

भगवानलाल इंद्रजींबद्दलही तिथेच बोलणं झालं. जुनागढचा हा माणूस नाणेघाटात भिंतीला डोळे लावून बसला आणि पुढे १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूपही त्यानेच उकरला. गोविंददासाचं गाव नि गोविंददासाचं टाकं, दोन्ही टोकं एका माणसाच्या हाताला लागली. मुलीला हे फार आवडलं. परतीच्या बसमध्ये तिने वडिलांकडून कागद घेतला आणि यादी करायला बसली.

यादी चैत्राची आहे. निघताना मावशींनी सांगितलं होतं की वाडीच्या वरच्या अंगाला कातळात एक जुनं टाकं आहे, गाळाने बुजलंय, तो काढला तर पावसाळ्याचं पाणी त्यात राहील. पोरं घेऊन उन्हाळ्यात या. आम्ही एप्रिलमध्ये जाणार आहोत. पहाटे चारला वैशाखऱ्याहून निघायचं, कारण दहानंतर कातळ तापतो. माणशी चार लिटर पाणी खालूनच न्यायचं, वाडीच्या हंड्यातलं घ्यायचं नाही. फावडी नि घमेली जुन्नरच्या बाजूने जीपने पोचतील. जुन्या टाक्याला हात लावायचा म्हणून पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करायचा. तो मुलीनेच लिहिला आहे, आणि टाक्याची लांबी-रुंदी मोजून कळवायला तिने मावशींच्या मुलाला सांगितलं आहे.